अट क्रमांक सहा

मेन रोडवर आडवं काही टांगायचं असेल
तर आधी माझ्या टेबलाशी यावं लागतं.
झोन ऑफिस, पहिला माळा, गळक्या कूलरच्या बाजूला.
अर्ज दोन प्रतींत. मजकुराचा नमुना. पोलिसांची ना-हरकत.
रस्त्यापासून उंची अठरा फूट, मुदत सात दिवस,
आठव्या दिवशी दोर, तारा, खिळे
ज्याचे त्यानं काढून न्यावेत.
अट सहा : वारा जाण्यासाठी
दर तीन फुटांवर अर्धचंद्राकृती छेद असावेत.

ही अट कुणी वाचत नाही.
मीही वाचली नव्हती,
निनावे पेंटरनं समजावून सांगेपर्यंत.

तेव्हा बॅनर कापडाचे होते.
गोळीबार चौकातून तो यायचा,
सायकलच्या कॅरिअरवर मांजरपाटाचं ठाण,
नखांत पिवळा रंग, कानामागे खडू.
"अक्षर आधी नाही काढायचं मॅडम.
आधी वाऱ्याच्या जागा सोडायच्या,
मंग उरल्या जागेत माणसाचं म्हणणं बसवायचं.
वारा आपल्याहून जुना हाय,
तो आधीपासूनच ह्या रस्त्यानं जाऊन राहिला."
त्याच्या 'हार्दिक' आणि 'स्वागत'च्या मध्ये
एक कोर फडफडायची.
तिच्यातून किल्ल्याची टेकडी दिसे,
कधी एखादी घार.

मग फ्लेक्स आले.
अधिवेशनाच्या आठवड्यात तर
व्हरायटी चौकापासून लोहापुलापर्यंत
हात जोडलेलेच हात जोडलेले,
आणि तळाशी शुभेच्छुक, पासपोर्ट फोटोएवढे,
एकावर सतरा होते, मी मोजले,
त्यातले नऊ गॉगलवाले.
छेद घ्यायचा कुठे?
ब्लेड टेकवावं तिथं कुणाचा तरी गाल.

अंकुश डहाके आला होता, वाढदिवसाचा बॅनर घेऊन.
"साहेबांच्या तोंडाला कट मारता का मॅडम?
सात दिवस तर राहायचं आहे."
मागे रांग होती. पावणेसहा वाजलेले.
मला बर्डीवरून बस धरायची होती.
अट सहाच्या पुढे मी लिहिलं : शिथिल.
अक्षर बारीक.
सही मात्र नेहमीएवढी.

चौथ्या दिवशी दुपारी साडेचारला
उजेड एकदम पिवळा झाला.
मे महिन्यात इथे होतो तसा.
आधी धूळ, टपऱ्यांचे पत्रे,
मग तो चाळीस फुटी चेहरा शिडासारखा फुगला,
गालफडं भरून,
आता काहीतरी बोलणारच, असं वाटावं इतका.
दोर तुटला नाही.
दोर मजबूत होता.
खांबच आला.

पंचनामा मीच लिहिला.
वाऱ्याचा वेग : नोंद नाही.
परवानगी : आहे.

फुटपाथवर दुपट्टे विकणारी कमल मडावी,
उजवा हात दोन ठिकाणी.
तिसऱ्या दिवशी मेयोत गेले.
"तुमी कोन?"
कार्पोरेशनमधून, म्हटलं.
"बरं झालं बाई, लिहून घ्या.
बत्तीस दुपट्टे होते माझे.
अकरा गुलाबी, सहा पांढरे, बांधणीचे चार..."
बाकीचे आठवताना तिनं बोटं मोजायला हात उचलला
आणि प्लास्टरकडे बघत थांबली.
मी लिहून घेतले, रंगांसकट.
मी कुठल्या टेबलावर बसते
ते तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

फाईल चौकशीत आहे.
'शिथिल'भोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केलाय.
काढलेला तो फ्लेक्स गोदामातून कधी गेला माहीत नाही,
परवा धंतोलीत एका खिडकीच्या कूलरवर
त्याचा कान दिसला,
किंवा तसाच कुणाचा.

आता नमुना समोर आला की
नाव वाचायच्या आधी मी खडू घेते.
कोर, तीन फूट, कोर.
मुलगा ओणवा होऊन बघत असतो.
"मॅडम, कपाळावर पण?"
कपाळावर पण.
"ह्या बाजूला सरकवा ना थोडं."
तुमच्या साहेबांना सरकवा.

पुढचे या.